विश्लेषण : मेल नेमका अडतो कुठे? उत्तर लॉग फाइलमध्ये

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एक लहान कारखाना डोळ्यांसमोर आणा. चार टेबले, चार संगणक आणि चौकश्या, ऑर्डर, बिले यांसाठी सगळ्यांचे मिळून एकच ईमेल खाते. सकाळी ११ वाजता जुन्या गिऱ्हाईकाचा मेल येतो, ‘दुपारी चारपर्यंत दर कळवा’. हिशेब पाहणाऱ्या बाईंच्या संगणकावर तो लगेच दिसतो. दर ठरवणाऱ्या साहेबांच्या संगणकावर मात्र दिसतो संध्याकाळी साडेसहाला. तोवर ऑर्डर दुसरीकडे गेलेली असते.

मग सुरू होतात तर्क. ‘नेट स्लो असेल’, ‘सर्व्हर डाउन असेल’, ‘संगणक जुना झाला’. दुरुस्तीला आलेला मुलगा मेलचे खाते काढतो, पुन्हा जोडतो. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पैसे जातात, वेळ जातो आणि दोष कुठे होता हे कोणालाच कळत नाही.

खरे तर त्या संगणकाला काय बिघडले ते ठाऊक असते. पण कोणी विचारल्याशिवाय तो ते लिहून ठेवत नाही. हे लिहून ठेवणे म्हणजेच लॉग फाइल. ती कशी सुरू करायची, कशी वाचायची आणि वाचून झाल्यावर तिचे काय करायचे, याचा हा आढावा.

लॉग फाइल म्हणजे काय?

दुकानदाराची रोजकीर्द असते, पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते. जे घडले ते वेळेसह, क्रमाने, एकाखाली एक लिहायचे. मत नाही, अंदाज नाही. लॉग फाइल म्हणजे संगणकातील प्रोग्रामची अशीच रोजकीर्द. हा शब्द आला जहाजांवरून. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात टाकत. ओंडका म्हणजे इंग्रजीत लॉग. ते मोजमाप ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक.

थंडरबर्ड, आउटलुक, अ‍ॅपल मेल यांसारखे प्रोग्राम मेल आणताना किंवा पाठवताना दूरच्या सर्व्हरशी अक्षरशः संभाषण करतात. ‘मी अमुक’, ‘ये’, ‘हा माझा पासवर्ड’, ‘चालेल’, ‘नवे काही आहे का?’, ‘दोन पत्रे आहेत’, असा तो प्रकार असतो. हे संभाषण ठरलेल्या नियमांनी चालते. मेल पाठवण्याचे नियम म्हणजे एसएमटीपी. त्यांची नियमपुस्तिका जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिली. सर्व्हरवर ठेवलेला मेल अनेक संगणकांवरून वाचण्याची पद्धत म्हणजे आयमॅप. ती १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी मांडली. मेल उतरवून घेण्याची तिसरी पद्धत पॉप. लॉग सुरू केला की हे सारे संभाषण शब्दशः फाइलमध्ये उतरते.

पडद्यावर एरर दिसतेच, मग लॉग कशाला?

पडद्यावर येणारी चौकट हा त्या संभाषणाचा सारांश असतो आणि तोही अपुरा. ‘सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही’ या एका वाक्यामागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात. सर्व्हरचा पत्ता चुकला असेल. राउटर किंवा अँटिव्हायरसने वाट अडवली असेल. पासवर्ड नाकारला गेला असेल. किंवा सर्व्हरने ‘आता जागा नाही, नंतर या’ असे सांगितले असेल. चौघांवरचा उपाय वेगळा आहे.

दुसरे असे, की बऱ्याचदा ही सूचना पडद्याच्या कोपऱ्यात काही सेकंद चमकते आणि जाते. कामाच्या घाईत ती कोणी वाचत नाही. दोष अधूनमधून येणारा असेल तर तंत्रज्ञ समोर बसल्यावर तो हमखास गायब असतो. लॉग मात्र अख्खा दिवस जागा असतो.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे. निदान न करता केलेला उपाय महागात पडू शकतो. खाते पॉप पद्धतीचे असेल आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय बंद असेल, तर जुने मेल फक्त त्या एका संगणकातच असतात. ‘काढून पुन्हा जोडू’ म्हणत खाते काढले आणि त्यासोबत ‘संदेशही काढून टाका’ यावर खूण झाली, तर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गेला. म्हणून आधी लॉग, मग उपाय.

सुरू करण्यापूर्वी काय तयारी हवी?

तीन साध्या गोष्टी. पहिली, त्रास एका वाक्यात कागदावर लिहा. ‘मेल चालत नाही’ असे नको. ‘मेल जातो, पण येत नाही’ किंवा ‘एकाच पत्त्यावर जात नाही’ असे लिहा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे लॉग वेगळे असतात, त्यामुळे कोणता सुरू करायचा हे यावरूनच ठरते.

दुसरी, खाते आयमॅप आहे की पॉप, हे सेटिंगमध्ये पाहून ठेवा. तिसरी, संगणकाचे घड्याळ बरोबर आहे का ते तपासा. घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल तर सर्व्हरवाल्याच्या नोंदींशी तुमच्या नोंदी जुळणारच नाहीत.

थंडरबर्डमध्ये लॉग कसा सुरू करायचा?

थंडरबर्ड मोफत आहे आणि अनेक लहान कार्यालयांत वापरले जाते. आधी ते पूर्ण बंद करा. ही पायरी चुकवू नका. एक खिडकी जरी मागे उघडी राहिली तरी पुढच्या सूचना लागू होत नाहीत आणि लॉग तयारच होत नाही.

मग विंडोजच्या स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडा. तिच्यात तीन ओळी टाइप करायच्या आहेत. प्रत्येक ओळीनंतर एंटर. येथे शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत, टाइप करताना अक्षरे आणि अंक इंग्रजीच वापरा.

पहिली ओळ काय लिहायचे ते सांगते : ‘सेट’, एक मोकळी जागा, मग ‘एमओझेड’, अंडरस्कोर, ‘एलओजी’, बरोबरचे चिन्ह, ‘आयएमएपी’, कोलन, ५, स्वल्पविराम, ‘टाइमस्टॅम्प’. यातील ५ ही सर्वात सविस्तर पातळी. टाइमस्टॅम्पमुळे प्रत्येक ओळीवर वेळ पडते. खाते पॉप असेल तर हा मार्ग सोडून पुढच्या भागातील पद्धत वापरा.

दुसरी ओळ कुठे लिहायचे ते सांगते : ‘सेट’, एक मोकळी जागा, ‘एमओझेड’, अंडरस्कोर, ‘एलओजी’, अंडरस्कोर, ‘फाइल’, बरोबरचे चिन्ह, टक्क्याचे चिन्ह, ‘यूजरप्रोफाइल’, पुन्हा टक्क्याचे चिन्ह, उलटी तिरपी रेघ, ‘मेललॉग’.

तिसरी ओळ : ‘स्टार्ट’, एक मोकळी जागा, ‘थंडरबर्ड’.

‘सेट’ आणि ‘स्टार्ट’ नंतरची एक मोकळी जागा सोडली तर या ओळींत कुठेही मोकळी जागा नको. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे तर मुळीच नको. बहुतेकांची चूक येथेच होते.

आता थंडरबर्ड नेहमीसारखे उघडेल आणि नेहमीसारखेच चालेल. त्रास पुन्हा होईपर्यंत काम करा. झाला की घड्याळात पाहून वेळ लिहा आणि थंडरबर्ड बंद करा. सी ड्राइव्हमधील ‘यूजर्स’ फोल्डरात, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘मेललॉग’ नावाची फाइल दिसेल. तिच्या नावाला ‘मॉझ अंडरस्कोर लॉग’ असे शेपूट असते. ती नोटपॅडमध्ये उघडते. लगेच तिची प्रत दुसऱ्या नावाने ठेवा, कारण याच पद्धतीने पुन्हा सुरू केल्यास जुनी फाइल पुसली जाऊन नवी लिहिली जाते.

लॉग बंद करण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. त्या सूचना फक्त त्या काळ्या खिडकीपुरत्या असतात. ती बंद करून थंडरबर्ड नेहमीच्या चिन्हावरून उघडले की लिखाण थांबते.

मेल जात नसेल तर?

पाठवण्याचा लॉग आताच्या आवृत्त्यांत वेगळ्या ठिकाणी आहे. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ विभागाच्या अगदी तळाशी ‘कॉन्फिग एडिटर’ असते. ते उघडून शोधाच्या चौकटीत ‘मेलन्यूज, टिंब, एसएमटीपी, टिंब, लॉगलेव्हल’ टाका. पुढे ‘वॉर्न’ असे दिसेल, ते बदलून ‘ऑल’ करा. यातील ए मोठा, पुढचे दोन एल लहान. पॉप खात्यासाठी ‘एसएमटीपी’च्या जागी ‘पॉप३’ असलेली नोंद शोधा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि जे ही बटणे एकत्र दाबली की ‘एरर कन्सोल’ उघडतो. तो उघडा ठेवून मेल पाठवा. संभाषण तेथे ओळीओळीने दिसेल. काम झाले की सेटिंग आठवणीने पुन्हा ‘वॉर्न’ करा. काळ्या खिडकीसारखे हे आपोआप बंद होत नाही.

आउटलुक आणि अ‍ॅपल मेलमध्ये काय सोय?

क्लासिक आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असे जाऊन खाली ‘अदर’ विभागात ‘एनेबल ट्रबलशूटिंग लॉगिंग’ यावर खूण करायची आणि आउटलुक बंद करून पुन्हा उघडायचे. फाइली तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार होतात. विंडोजचे बटण आणि आर दाबून टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘टेम्प’ लिहिले की तो फोल्डर उघडतो. त्यात ‘आउटलुक लॉगिंग’ नावाचा फोल्डर शोधा. ‘ईटीएल’ शेपटाच्या फाइली नोटपॅडमध्ये वाचता येत नाहीत, त्या कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी असतात. मात्र साध्या ‘लॉग’ शेपटाच्या फाइली वाचता येतात. काम झाले की खूण काढायला विसरू नका. नाही तर फाइल फुगत जाते आणि आउटलुक मंदावते.

मॅकवर हे अधिक सोपे आहे. अ‍ॅपल मेलच्या ‘विंडो’ मेनूत ‘कनेक्शन डॉक्टर’ आहे. तो प्रत्येक खात्याची जोडणी तपासून हिरवा किंवा लाल ठिपका दाखवतो. त्याच खिडकीत ‘लॉग कनेक्शन अ‍ॅक्टिव्हिटी’ यावर खूण केली की संभाषण फाइलमध्ये उतरू लागते.

एवढी मोठी फाइल वाचायची कशी?

फाइल पाहून घाबरून जाऊ नका. दिवसभराच्या लॉगमध्ये हजारो ओळी असतात, त्यातील कामाच्या पाच-दहाच. सगळे वाचायचे नसते, शोधायचे असते.

थंडरबर्डच्या आयमॅप लॉगमध्ये ज्या ओळीत ‘सेंडडेटा’ शब्द आहे ती आपल्या संगणकाने बोललेली. ज्या ओळीत ‘क्रिएटन्यूलाइनफ्रॉमसॉकेट’ असा लांबलचक शब्द आहे ती सर्व्हरने बोललेली. एवढे ओळखता आले की अर्धे काम झाले.

सर्व्हरच्या नावापुढची अक्षरेही बोलकी असतात. ‘एनए’ म्हणजे अजून ओळख पटलेली नाही. ‘ए’ म्हणजे पटली, आत घेतले. ‘एस’ आणि पुढे ‘इनबॉक्स’ म्हणजे इनबॉक्स उघडून दिला. गाडी ‘एनए’वरच थांबली असेल तर पासवर्ड किंवा जोडणी पाहायची. ‘एस’पर्यंत पोहोचून थांबली असेल तर पासवर्डला दोष देण्यात अर्थ नाही.

आयमॅपमध्ये सर्व्हर मुख्यतः चार प्रकारे उत्तर देतो. ‘ओके’ म्हणजे झाले. ‘नो’ म्हणजे मागणी समजली, पण देता येत नाही. ‘बॅड’ म्हणजे मागणीच समजली नाही. ‘बाय’ म्हणजे मी जोडणी तोडतो आहे. नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून हे शब्द मोठ्या अक्षरांत शोधा, त्याबरोबर ‘अलर्ट’ही शोधा. पॉपमध्ये याहून सोपे. अधिक चिन्हासह ‘ओके’ म्हणजे होकार, वजा चिन्हासह ‘ईआरआर’ म्हणजे नकार.

कधी कधी लॉगमध्ये सर्व्हरची एकही ओळ नसते. आपला संगणक हाका मारतो आणि पलीकडून शब्द नाही. ही शांतताही पुरावाच आहे. याचा अर्थ बहुधा मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नये. सर्व्हरचा पत्ता, राउटर, अँटिव्हायरस आणि पोर्ट क्रमांक पाहावेत. येणाऱ्या मेलसाठी सुरक्षित आयमॅपचा पोर्ट ९९३, पॉपचा ९९५ आणि पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. जुना २५ क्रमांकाचा पोर्ट स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात.

एसएमटीपीचे आकडे काय सांगतात?

पाठवण्याच्या संभाषणात सर्व्हर प्रत्येक उत्तराआधी तीन अंकी आकडा सांगतो. पहिला अंक पाहिला तरी पुरे. २ म्हणजे झाले. ३ म्हणजे पुढे बोला. ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर प्रयत्न करा. ५ म्हणजे नाही म्हणजे नाही.

२२० आला की सर्व्हरने दार उघडले. २३५ म्हणजे ओळख पटली. ५३५ म्हणजे पटली नाही. हा आकडा गेल्या काही वर्षांत अनेकांना दिसला, कारण मोठ्या कंपन्यांनी साधा पासवर्ड घेणेच बंद केले. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी कमी सुरक्षित अ‍ॅपना फक्त नाव आणि पासवर्डवर आत घेणे थांबवण्यास सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्सचेंज ऑनलाइनमध्ये जुनी पद्धत बंद करायला घेतली. त्यामुळे पासवर्ड अचूक असूनही ५३५ येऊ शकतो. उपाय पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करणे हा नाही. सेटिंगमध्ये ओळख पटवण्याची पद्धत ‘ओऑथ२’ करणे, किंवा जेथे ती सोय नाही तेथे अ‍ॅप पासवर्ड घेणे, हा आहे.

५५० बहुतेक वेळा पत्ता अस्तित्वात नसल्याचे किंवा मेल नाकारल्याचे सांगतो. ५५२ म्हणजे आकार मर्यादेबाहेर. येथे एक गंमत आहे. मेलमधून जाताना जोडलेली फाइल अक्षरांत बदलली जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणून २० एमबीचे ड्रॉइंग २५ एमबीच्या मर्यादेत बसेलच असे नाही. ४२१ आणि ४५१ हे तात्पुरते नकार, थोड्या वेळाने पुन्हा पाठवून पाहायचे. आकड्यापुढचे वाक्यही वाचा, नेमके कारण बहुधा त्यातच असते.

लॉगमधील वेळ चुकीची का दिसते?

ती चुकीची नसते. थंडरबर्डचा हा लॉग जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत, लिहिला जातो. आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी सव्वाअकराला झालेला प्रकार लॉगमध्ये ५ वाजून ४५ मिनिटांवर सापडेल. लॉगमध्ये ‘११’ शोधणारा माणूस संध्याकाळी साडेचारच्या नोंदी वाचत बसतो आणि ‘यात तर काहीच नाही’ म्हणून फाइल बंद करतो. आधी साडेपाच तास वजा करा, मग शोधा.

मग त्या कारखान्याचे काय?

आता सुरुवातीच्या कारखान्याकडे वळू. साहेबांच्या संगणकावर सकाळी लॉग सुरू केला. सव्वाअकराच्या सुमारास पुन्हा मेल थांबले. लॉगमध्ये ५.४५ च्या आसपास सर्व्हरची ओळ सापडते. ‘नो’, पुढे चौकोनी कंसात ‘अलर्ट’ आणि पुढे ‘टू मेनी सायमल्टेनियस कनेक्शन्स’, म्हणजे एकाच वेळी फार जोडण्या.

कोडे सुटते. थंडरबर्ड एका खात्यासाठी मूळ सेटिंगनुसार पाचपर्यंत जोडण्या उघड्या ठेवते. चार संगणक, प्रत्येकी पाच, म्हणजे वीस. जीमेल एका खात्याला एका वेळी पंधराच आयमॅप जोडण्या देते. त्यात तेच खाते काही जणांच्या मोबाइलमधील मेल अ‍ॅपलाही जोडलेले. ज्यांनी सकाळी आधी संगणक सुरू केले त्यांना जागा मिळाली, उशिरा आलेले दाराबाहेर राहिले. संध्याकाळी दोन टेबले उठून गेली, जागा झाली आणि सकाळचा मेल साडेसहाला अवतरला. खाते काढून पुन्हा जोडल्यावर दोन दिवस बरे का चालले, हेही यातच आले. त्या गडबडीत जुन्या जोडण्या तुटल्या होत्या.

ना नेट स्लो होते, ना सर्व्हर डाउन. उपायाला पैसा लागत नाही. प्रत्येक संगणकावर खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्व्हर सेटिंग्ज’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ येथे जाऊन उघड्या ठेवायच्या जोडण्यांची संख्या ५ वरून २ करायची. चार दुणे आठ. उरलेल्या सात जोडण्या मोबाइलसाठी.

मोबाइलची मोजणी करताना आणखी एक गोष्ट पुढे येऊ शकते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवरही कारखान्याचे खाते अजून चालू असते. त्याला आजही सगळ्या चौकश्या आणि सगळे दर दिसत असतात. अशा वेळी पासवर्ड बदलून सर्व जुन्या उपकरणांतून खाते बाहेर काढणे हाच उपाय. आणि कायमचा मार्ग म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे खाते.

लॉग दुसऱ्याला देताना काय जपायचे?

लॉग ही खासगी वस्तू आहे हे विसरू नका. सविस्तर लॉगमध्ये मेलचे पत्ते, विषय आणि पुष्कळदा पूर्ण मजकूरही असतो. बँकेचे मेल, पगाराचे तक्ते, खात्यावर आलेले ओटीपी, सारे त्यात उतरू शकते. थंडरबर्ड पासवर्ड असलेली ओळ गाळून तिच्या जागी तशी नोंद करते. पण प्रत्येक प्रोग्राम एवढा काळजी घेईल असे नाही. ‘ऑथ’ या शब्दापुढे न कळणारी अक्षरे दिसली तर ती कुलूपबंद आहेत असे समजू नका. ती बेस६४ या लेखनपद्धतीत असू शकतात आणि ती कोणालाही क्षणात उलगडता येते.

म्हणून अख्खी फाइल व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नये. त्रासाच्या वेळेच्या आगेमागच्या पन्नासेक ओळी वेगळ्या काढा, पत्ते आणि मजकूर झाका आणि तेवढेच द्या. फोनवरून ‘लॉग पाठवा, आणि ओटीपीही सांगा’ म्हणणारा माणूस तंत्रज्ञ नाही. लॉग वाचायला ओटीपी लागत नाही. काम झाले की फाइल पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

‘मेल पाठवला होता’ हे लॉगने सिद्ध होते का?

काही अंशी. पाठवण्याच्या संभाषणात शेवटी आपला प्रोग्राम मजकूर संपल्याचे एका टिंबाने सांगतो. त्यावर सर्व्हरने २५० म्हटले की त्याने मेल स्वीकारला. पुष्कळदा याच ओळीत सर्व्हरने दिलेला क्रमांकही असतो. तो जपून ठेवा. मेल सेवा देणाऱ्याकडे तक्रार करताना हा क्रमांक आणि वेळ दिली तर त्याला आपल्या नोंदीत मेल शोधणे सोपे जाते.

मात्र हा २५० तुमच्या सर्व्हरचा आहे. समोरच्याच्या इनबॉक्सपर्यंतचा पुढचा प्रवास तुमच्या संगणकाला दिसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर, पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक यंत्रणेत नोंद शिरली की ती रवाना झाली असे मानले जाते. पण रवाना होणे आणि मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. निविदेच्या अटीत ‘अमुक वेळेपर्यंत पोहोचला पाहिजे’ असे असेल तर त्या अटीलाच महत्त्व.

शिवाय तुमच्या संगणकातील लॉग ही साधी मजकुराची फाइल, ती कोणीही बदलू शकतो. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद मांडताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. सर्व्हर चालवणाऱ्याच्या नोंदींचे वजन अधिक. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. वाद होण्याची शक्यता दिसली तर सहा महिने थांबू नका, लगेच लेखी मागणी करा.

थोडक्यात काय करावे?

मेल अडला की आधी खात्याला हात लावू नका. त्रास एका वाक्यात लिहा, लॉग सुरू करा, त्रास होऊ द्या, वेळ टिपा आणि लॉगची प्रत ठेवा. साडेपाच तासांचा हिशेब करून ती जागा शोधा. सर्व्हरची ओळ सापडली तर ती सांगेल तो उपाय, एकही ओळ सापडली नाही तर रस्ता तपासा. मग लॉग बंद करा आणि फाइल पुसा.

एवढे केले तरी प्रत्येक दोष आपल्यालाच दुरुस्त करता येईल असे नाही. पण दुरुस्तीला येणाऱ्याला ‘मेल येत नाही’ असे सांगणे आणि ‘सव्वाअकराला सर्व्हरने फार जोडण्या झाल्या म्हणून नकार दिला, ही ती ओळ’ असे सांगणे, यात फरक आहे. पहिल्या वाक्यावर खाते काढून पुन्हा जोडले जाते. दुसऱ्यावर दहा मिनिटांत काम होते, आणि पुढची ऑर्डर वेळेत दिसते.